आयर्लंडचं कपाट

४ जानेवारी

भाऊजी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही हे न फोडताच बाजूला ठेवाल अशी धाकधूक होती, म्हणून पत्ता लेकीकडून लिहून घेतला. तुमच्या कॉलेजच्या ऑफिसातून तो मिळवलाही तिनेच. तिच्यावर रागावू नका. ती आता नोकरीला लागली, दुसऱ्या गावी राहते, आणि काका आपल्याकडे का येत नाहीत हे तिला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही.

सात वर्षांनी लिहितेय ते एका कामासाठी. तुमचं एक पुस्तक सापडलं.

मी अजून हॉस्पिटलातच आहे, कपड्यांच्या खोलीत. फाटक्या चादरींना ठिगळं, डॉक्टरांच्या कोटांना बटणं, उशांच्या अभ्र्यांवर वॉर्डाचे शिक्के. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली. परवा संध्याकाळी बस आली नाही, पाय दुखायला लागले, म्हणून स्टॉपच्या मागच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात टेकले. दारातल्या ढिगावर एक जाड हिरवं पुस्तक होतं, पाठ उसवून लोंबत असलेलं. शिवणकाम करणारीचा हात उसवलेल्या गोष्टीकडे आपोआप जातो. उघडलं, तर आत तुमचं नाव. निळी शाई, नावाखाली ती शेपटीवाली रेघ, आणि तारखेपुढे लिहिलेलं, ‘फुटपाथवर, उभ्याउभ्या निम्मं वाचून मग घेतलं.’

पदराने मी त्या पानावरची धूळ पुसली.

दुकानदार म्हातारे आहेत. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. मी त्यांना मनातल्या मनात दोनचष्मे म्हणते. त्यांनी विचारलं, “काय हवंय ताई?”

“हे.”

“आयर्लंडचा इतिहास? तुम्हाला?”

“माझ्या दिरांचं पुस्तक आहे हे.”

“मग दिरांनी विकलं कशाला?”

मी म्हटलं, बस आली वाटतं.

तर काम असं. यांनी ती पुस्तकं रद्दीत दिली, त्यातली काही अजून या शहरात फिरत असतील. मी शोधते. लेकीचा दमा, डॉक्टरांनी जुना कागद घरात नको म्हणून सांगितलेलं, जागेची अडचण, हे सगळं तेव्हा झालंच होतं. पण पुस्तकं दोनशे सात होती एवढं पक्कं आठवतं, कारण कपाटात लावताना तुम्ही मोठ्याने मोजत होतात आणि दर पन्नासाला आईंकडून चहा मागत होतात. त्यांची नावं आठवतील तेवढी लिहून पाठवा.

यांना या पत्राचं काही माहीत नाही. उत्तर हॉस्पिटलच्या पत्त्यावर धाडा. यांची तब्येत बरी आहे. छापखाना सुटून तीन वर्षं झाली, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तरी सकाळचा पेपर प्रूफं तपासल्यासारखा तांबडी पेन्सिल घेऊनच वाचतात.

वहिनी


२ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं मीही धरून चालले नव्हते.

आयर्लंडची अकरा पुस्तकं झाली. त्यातल्या तिनांवर तुमचं नाव आहे, बाकीची दुसऱ्या कुणाकुणाची. एकावर कुठल्याशा शाळेचा शिक्का आहे, एकात वाळलेलं पान, आणि एक आहे ‘खंड दुसरा’. पहिला खंड कुठे गेला ते देव जाणे. दोनचष्मे म्हणतात, “ताई, दुसऱ्या खंडांचं नशीबच तसं. जग सगळं पहिल्या खंडाच्या मागे.”

माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. औषधांच्या बाटल्या आणि वॉर्डांच्या पाट्या, त्यापलीकडे फारसं नाही. पहिल्या आठवड्यात मी नुसती अक्षरं ओळखून पुस्तकं काढत होते. सुरुवातीला काठीसारखं उभं अक्षर आणि शेवटी ‘लंड’, की घ्यायचं. अशी दोन घेऊन आले, हॉस्पिटलात एका नर्सला दाखवली, तर ती हसून बेजार. म्हणाली, “मावशी, हे आइसलंड आहे. बर्फाचा देश.” दुसऱ्या दिवशी परत करायला गेले, तेव्हा दोनचष्म्यांनी दोन्ही चष्मे काढून डोळे पुसले. आता डिक्शनरी घेतली आहे. जेवणाच्या सुट्टीत एक पान होतं, फार तर दीड.

उसवलेली पुस्तकं मी शिवते. चादरींचा जाड दोरा मेण लावून घेतला की पाठ छान धरते. पुस्तकं घरी नेत नाही. आमच्या खोलीत निकाली, म्हणजे वापरातून काढून टाकलेल्या चादरींचं कपाट आहे, त्यात मागच्या बाजूला ठेवते. निकाली चादरींकडे कुणी बघत नाही.

तुम्ही काय वाचायचात तेव्हा, हे मला आत्ता कळायला लागलंय. बटाटे जमिनीतच काळे पडले ती पानं वाचली. लोक उपाशी मरत होते आणि त्याच बंदरांतून धान्याची जहाजं बाहेर जात होती. आई तुम्हाला चिडवायच्या, “आमच्या पंडिताला सासर आयर्लंडचंच हवंय.” तुम्ही म्हणायचात, “आई, त्या देशाला आधी जेवायला तरी मिळू दे.” तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसले होते, काही न कळता.

भाऊजी, मागच्या पत्रात एक वाक्य चुकीचं गेलं. चुकीचं गेलं काय, मी ते लिहिलं. ‘यांनी ती पुस्तकं रद्दीत दिली’ असं. यांनी दिली नाहीत. हे त्या दिवशी छापखान्यात होते. रद्दीवाला दोन पोती घेऊन जिना चढला, दोन वेळा चढला, आणि कपाटाचं दार त्याला मी उघडून दिलं. तुम्ही सात वर्षं ज्यांच्याशी बोलत नाही, त्यांचा त्यात काडीचा हात नव्हता.

लेकीच्या दम्यामुळे मला ते करावं लागलं.

वहिनी


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

तीन आठवडे ते शेवटचं वाक्य मला टोचतंय. डॉक्टर तसं म्हणाले होते हे खरं. पण कधी, तर लेक सहा वर्षांची असताना. मी पुस्तकं दिली तेव्हा ती पंधराची होती, दमा कधीचा पळाला होता, आणि शाळेच्या शर्यतीत पोरगी दुसरी येत होती. तुम्हाला तारखा कुठून आठवणार, या भरवशावर मी लिहून टाकलं.

खरं कारण तुमचं पत्र.

आई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तुम्ही दोन दिवस येऊन गेलात. त्यानंतर त्या चौदा महिने अंथरुणाला खिळून होत्या. हे सकाळी छापखान्याआधी त्यांना उचलून बसवत आणि संध्याकाळी आल्यावर कुशीवर वळवत. मधला सगळा दिवस माझा. मी बिनपगारी रजा काढली होती. चादर बदलणं माझं रोजचं काम, माणूस न हलवता खालची चादर कशी काढायची हे मी नर्सांना शिकवलंय. पण हॉस्पिटलातला पेशंट रात्र झाली की दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जातो. घरातला जात नाही.

आई भांडकुदळ नव्हत्या. कण्हायच्या आणि मग माझी माफी मागायच्या. ते जास्त जड जायचं.

तुमचं पत्र महिन्याला एक यायचं. सुरुवातीला अर्धं पान आईंसाठी असायचं. मग चार ओळी. त्या दिवशी सकाळपासून मी तीन चादरी बदलल्या होत्या, मोरीत चौथी भिजत होती, आणि पोस्टमन आला. तुम्ही लिहिलं होतं, कपाटामागच्या भिंतीला ओल येत नाही ना? तिसऱ्या फळीवरच्या पुस्तकांना एकदा ऊन दाखवा. डांबराच्या गोळ्या बदलल्या का? शेवटी ‘आईला नमस्कार’. दोनच शब्द, भाऊजी. मी मोजले.

आतून आईंनी हाक मारली. “पंडिताचं पत्र ना गं? काय म्हणतोय?”

मी म्हटलं, “तुमची चौकशी केलीय.”

आणि खाली जाऊन रद्दीवाल्याला सांगून आले.

हे सांगून मी सुटका मागत नाही. नुसतं कारण सांगितलं. तुम्ही तिकडे एकटे होतात, नोकरी नवी होती, रजा मिळत नसेल, हे तेव्हाही मला कळत होतं. कळत असूनच केलं.

पुस्तकं आता तेवीस झाली. एक मिळालं ते तिथल्या शेतकऱ्यांना घरांबाहेर काढण्याबद्दल आहे. त्यात एक चित्र आहे. घराचं छप्पर शिपाई उतरवताहेत, आणि दाराशी एक बाई खाट धरून उभी आहे. खाटेवर कुणीतरी म्हातारं आहे. ते पान मी शिवून घेतलं, फाटलं होतं.

वहिनी


१६ मार्च

भाऊजी,

आज जेवणाच्या सुट्टीत वाचलेलं सांगते. तुम्हाला ते पाठ असेल.

एकोणीसशे बावीस साली त्यांच्या राजधानीत आपसांतच लढाई जुंपली, आणि सरकारी दफ्तरखाना जळाला. शेकडो वर्षांचे कागद होते त्यात. कोण जन्मलं, कोण कुठल्या घरात राहत होतं, जमीन कुणाची होती. जळके कपटे वाऱ्याने शहरभर उडाले आणि लोकांनी ते रस्त्यांवरून, अंगणांतून वेचले. आग कुणामुळे लागली म्हणून दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या.

आमच्या घरात उलटं झालं. ज्याने केलं नव्हतं, त्याने आपणहून स्वतःकडे बोट दाखवलं.

मला पुढचं पान उलटवेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, दोरा ओवता येत नाहीये.

तुमच्या वह्या, भाऊजी. तीन, काळ्या पुठ्ठ्याच्या. दोनशे सातांत त्या नव्हत्या. त्या सगळ्यात वरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. नऊ वर्षं तुम्ही त्या लिहिल्यात. त्या देशाचा इतिहास तुम्हाला आपल्या भाषेत लिहायचा होता, आणि आईंना वाचून दाखवायचा होता. त्या काय आहेत हे मला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणेल तर ते खोटं. त्याच दिवशीच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, ‘वह्या मात्र उन्हात ठेवू नका, शाई उडते.’

रद्दीवाला म्हणाला, “बाई, हे हाताने लिहिलेलं दिसतंय. ठेवायचं असेल.”

मी म्हटलं, “न्या.”

त्याने पुन्हा विचारलं. मी फडकं सोडून घेतलं, आणि वह्या माझ्या हाताने पोत्यात टाकल्या. फडकं चांगलं होतं, म्हणून ठेवलं.

त्या संध्याकाळी हे घरी आले. रिकाम्या कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “बरं. तो आला की मी बोलेन त्याच्याशी.” बस एवढंच. वह्यांबद्दल मी त्यांनाही काही सांगितलं नाही.

पुढे आई गेल्या आणि तुम्ही आलात. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलंत. यांनी सांगितलं, “मी दिली रे. जागा नव्हती.” तुम्ही वरच्या फळीवर हात फिरवलात आणि विचारलंत, “वह्या पण?”

मी तिथेच आईंच्या चादरींच्या घड्या घालत होते. यांनी माझ्याकडे बघितलं. वह्यांचं त्यांना त्या क्षणी कळलं, माझ्या तोंडाकडे बघून. मी मान वर केली नाही. घडीची टोकं जुळत नव्हती, ती जुळवत बसले.

हे म्हणाले, “हो. वह्या पण.”

तुम्ही सकाळची गाडी पकडून गेलात. मला एक शब्द बोलायचा होता, आणि तो बोलायला सात वर्षं लागली.

वह्या मी शोधल्या. रद्दीवाल्याचं दुकान बंद झालंय. दोनचष्मे म्हणतात, लिहिलेल्या वह्या दुकानात येत नाहीत, त्या सरळ कागद कारखान्यात लगद्याला जातात.

वहिनी


९ एप्रिल

भाऊजी,

यांना सांगितलं.

रविवारी दुपारी चहा पिताना म्हटलं, “मी भाऊजींना पत्रं लिहिलीत. चार.”

यांनी कप खाली ठेवला. “काय लिहिलंस?”

“सगळं.”

“वह्यांचं पण?”

“वह्यांचं पण.”

बराच वेळ पेपरातल्या कुठल्याशा ओळीखाली पेन्सिल फिरवत बसले. मग म्हणाले, “म्हणजे सात वर्षं मी जे सोसलं ते तू एका पाकिटात घालून वाया घालवलंस.”

मी विचारलं, “तुम्ही अंगावर का घेतलंत? मी सांगितलं नव्हतं.”

“भाऊ भावावर रागावला तर वर्षभरात निवळतो, असं वाटलं. तुझ्यावर रागावला असता तर या घराचं पाणीही प्यायला नसता. आई गेलेली, त्याला दुसरं घर कुठलं? वर्षभराचा अंदाज होता माझा. अंदाज चुकला.”

नंतर उठून गॅलरीत गेले. पाठमोरेच बोलले, “तू एकदा तरी म्हणायचंस. त्याला नाही, मला. मी वाट बघत होतो.”

भाऊजी, हे मला अजिबात सुचलं नव्हतं. मी आजवर एवढंच धरून होते की तुमच्यापासून लपवलंय. यांना माहीतच आहे, मग त्यांना काय सांगायचं! घरातल्या माणसाला माहीत असलेली गोष्टही सांगावी लागते, हे मला साठीला आल्यावर कळतंय.

दोन दिवस ते माझ्याशी मीठ दे, दार लाव, एवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “दाखव ती पुस्तकं.” मी त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेले. निकाली चादरींच्या कपाटासमोर स्टुलावर बसले, तुमचं हिरवं पुस्तक मांडीवर घेतलं, चांगला डोळा पानाजवळ नेला. तुमच्या नावावरून बोट फिरवलं. मी घाबरून उभी. आणि एकदम म्हणाले, “अगं, एवढं जाडजूड पुस्तक, आणि प्रस्तावनेतच छपाईची चूक!” खिशातून पेन्सिल काढून दुरुस्त केली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान बघितलं.

एकेचाळीस झालीत. त्यातली तुमची सात. यांना पत्राचं माहीत आहे, तेव्हा उत्तर आता घरच्या पत्त्यावर पाठवलंत तरी चालेल.

वहिनी


५ मे

भाऊजी,

तुमचं कार्ड आलं, यांच्या नावाने. यांनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मला दाखवलं नाही, मी मागितलं नाही. धुवायला टाकायच्या आधी शर्टाचे खिसे मी नेहमी बघते. त्या शर्टाचे बघितले नाहीत, त्यांच्याच हातात दिला.

दुसऱ्या दिवशी बॅग भरायला लागले. मी विचारलं, पुस्तकं बांधून देऊ का? तर म्हणाले, “पुस्तकं आणू नकोस म्हणालाय.” मी गाठोडं अर्धं बांधलं होतं. पुन्हा सोडलं.

परवा तुमच्याकडून त्यांचा फोन आला. पोचलो म्हणाले, प्रवास बरा झाला, आणि मागून तुमचा आवाज आला, “दादा, ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नकोस, किती वेळा सांगायचं!” हे ओरडले, “तू लहानपणी कुठे टाकायचास ते सांगू का सगळ्यांना?” सगळ्यांना म्हणजे कुणाला, खोलीत तुम्ही दोघंच. मी फोन कानाला लावून नुसती उभी राहिले. त्यांनी ठेवू नये असं वाटत होतं.

मग तुम्ही फोन घेतलात. “वहिनी,” म्हणालात. आणि लगेच, “आई शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली का?”

मी म्हटलं, नीट ऐकू येत नाहीये, आणि फोन ठेवला. ऐकू छान येत होतं.

एकदा सुरुवात केलीच आहे, तर आता मधेच थांबण्यात अर्थ नाही. तिसऱ्या पत्रात मी लिहिलं, आईंनी विचारलं ‘पंडित काय म्हणतोय’, आणि मी म्हटलं ‘तुमची चौकशी केलीय’. ते खोटं आहे. रद्दीवाल्याचा जिना, वह्या, सगळं खरं सांगितलं, ही एक गोष्ट तेवढी बदलली.

आई रोज दुपारी विचारायच्या, “पंडित येतोय का?” रोज मी म्हणायचे, “येतील, रजा मिळाली की येतील.” चौदा महिने म्हटलं. त्या दिवशीही त्यांनी तेच विचारलं. “पंडिताचं पत्र ना गं? येतोय का?”

तुमचं पत्र माझ्या हातात होतं. मी म्हटलं, “नाही येणार. त्यांना पुस्तकं बरी.”

आईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान मूल एखाद्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर बघतं, तसं. मग म्हणाल्या, “असं होय.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर त्या एकोणीस दिवस होत्या. पुन्हा त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. मी वाट बघायचे, दुपार झाली की त्यांच्याजवळ जाऊन बसायचे, की आता विचारतील, आणि मी म्हणेन, येताहेत, पत्र आलंय, गाडीत बसलेत. काय वाट्टेल ते सांगितलं असतं. त्यांनी विचारलंच नाही. पाणी मागायच्या, लेकीची चौकशी करायच्या, माझी माफी मागायच्या. तुमच्याबद्दल एक अक्षर नाही.

त्यांनी तुम्हाला माफ केलं, आशीर्वाद दिला, असं काहीतरी लिहिणं मला सहज जमलं असतं. तुम्हाला ते बरंही वाटलं असतं. लिहीत नाही. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, आणि माहीत व्हायची वाट मीच बंद केली.

पुस्तकं परत गोळा करता येतात, भाऊजी. दुकानात जायचं, ढीग उपसायचा, उसवलेलं शिवायचं. म्हणून मी पुस्तकांच्या मागे लागले. दुसऱ्या गोष्टीला हात कुठून घालायचा, हेच मला समजत नव्हतं.

हे पत्र यांना वाचायला द्या. त्यांनाही हे माहीत नाही. या वेळी त्यांना वाट बघायला लावणार नाही.

वहिनी


२६ मे

भाऊजी,

तुमच्या पाकिटावर माझं नाव बघून मी ते दिवसभर पिशवीतच ठेवलं. कपड्यांच्या खोलीत सगळ्या गेल्यावर फोडलं. एवढं लहान पत्र असेल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही लिहिलंत, ‘तुम्ही आईला सांगितलंत ते खोटं नव्हतं. मला पुस्तकं बरी होती. पुस्तकं कण्हत नाहीत. दोन दिवस आलो होतो तेव्हा तिचं कण्हणं ऐकवेना, म्हणून तिसऱ्या दिवसाचं तिकीट बदलून आदल्या दिवशीच निघालो. रजा होती. वर्षभर रजा होती.’

मी ते चार वेळा वाचलं. रजा मिळत नसेल, असं चौदा महिने आईंना सांगणारी मी, आणि तुमच्या बाजूने स्वतःलाही तेच बजावणारी मी. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याच्याबरोबर असंही वाटलं की या गोष्टीत मी इतकी वर्षं एकटी बसले नव्हते. तुम्हीही कुठेतरी, दुसऱ्या गावात, तसेच बसला होतात.

म्हणून तुमचं माझं फिटलं, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका. माझ्या बोलण्याने आईंचे एकोणीस दिवस गेले, ते तुमच्या कबुलीने परत येत नाहीत. आणि वह्या गेल्या त्या गेल्या. यांनी फोनवर सांगितलं की माझं पत्र वाचून ते तुमच्या गच्चीवर जाऊन बराच वेळ बसले, आणि तुम्ही दोन कप चहा घेऊन वर गेलात. पुढे काय झालं ते सांगेनात. मी विचारणार नाही.

पुस्तकं नकोत म्हणालात, तर तुमच्यावर लादत नाही. पण गोळा करणं मी थांबवलेलं नाही. आता ती मला माझ्यासाठी हवीत. जहाजांत बसून परदेशी गेलेल्यांच्या भागापर्यंत आले आहे. पोरगा किंवा पोरगी निघायच्या आदल्या दिवशी घरचे लोक, जसं कुणी वारल्यावर जमतात, तसे जमायचे म्हणे. परत भेट होणार नाही हे धरूनच. त्यांतलं कुणी कधी मागे फिरलं का, ते मला बघायचंय. दोनचष्म्यांनी एक पुस्तक बाजूला काढून ठेवलंय.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘दादाबरोबर मी येऊ का?’

या.

आईंची खोली आम्ही रिकामीच ठेवलीय. मुद्दाम नाही, कुणाला तिथे झोपवेना, म्हणून राहिली. खाट काढली, खिडकी रोज उघडते. तुमचं अंथरूण तिथे घालायचं की बाहेरच्या खोलीत, ते तेवढं आधी कळवा. तुम्ही दारात उभे असताना मला ते विचारता येणार नाही.

वहिनी